नमाजाची वेळ नव्हती

ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नीट कळली आहे, असंही नाही. ठाण्यात म्हणायचे, ही केस तुम्हीच सोडवली. सुटली हे खरं. पण केस सुटली म्हणून मला सगळं उमगलं, असं काही झालं नाही. उलट आता, म्हातारपणी, जास्तच गोंधळ होतो. म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगतो, मी फार शिकलेला माणूस नाही. मॅट्रिकला नापास झालो आणि शिपाई म्हणून भरती झालो. रिटायर झालो तेव्हा खांद्यावर एक स्टार होता, सहायक उपनिरीक्षक. वडील नागपूरचे. त्यांचं सरकारी ऑफिस भोपाळला आलं तसे तेही आले, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही वाढलो. माझं मराठी अर्धं हिंदी आहे. सांभाळून घ्या. नावं कुणाचीच लिहिणार नाही. माणसं अजून जिवंत आहेत, धंदा करून खातात.

तेव्हा मी पिपलानीकडच्या एका ठाण्यात होतो. उन्हाळ्याचे दिवस. दुपारी निरोप आला की दुकानांच्या रांगेत एक जण डोकं फुटून पडला आहे. गेलो. पंक्चर आणि टायरचं काम करणारा माणूस, बेशुद्ध. टायर चढवायचं लोखंडी स्टँड असतं ना, त्याच्या बाजूला पडलेला. डोक्यामागून रक्त गेलेलं. त्याला हॉस्पिटलात रवाना केलं आणि पंचनाम्याला लागलो. आडवा पडलेला एक ऑइलचा ड्रम, चप्पल एक जोड, टायर उचकटायची लोखंडी टॉमी, रक्ताचा डाग. सगळं लिहिलं. दुपारची वेळ, अर्धी दुकानं जेवणासाठी बंद. कॅमेरा एकच होता आणि तो बंद होता. कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद असतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव आहे.

समोर एक चहावाला. तो आमच्या शिपायाच्या कानाशी लागला.

"साहब, बाजूच्या स्कूटर मिस्त्रीशी याचं जोरात वाजलं होतं. बोर्डावरून."

मिस्त्री मुसलमान, पन्नाशीच्या आसपासचा, स्कूटर आणि मोपेड दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानावर वडिलांच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड होता. त्या बोर्डाने आपला बोर्ड झाकला जातो, अशी टायरवाल्याची जुनी तक्रार.

"मग मिस्त्रीनं काय केलं?" मी विचारलं.

"मिस्त्री नळावर गेला. हात धुतले, कोपरापर्यंत. तोंड धुतलं, पाय धुतले. आणि स्कूटर तिथंच उघडी टाकून घरी निघून गेला."

"नमाजाला गेला असेल."

"कुठली नमाज साहब? दुपारची जोहर होऊन गेली होती, संध्याकाळच्या असरला वेळ होता. मी इथं बारा वर्षं चहा विकतो. नमाजाची वेळ नव्हती."

इथं आमची चूक झाली, आणि ती भोपाळच्याच पोलिसाकडून व्हावी अशी चूक आहे. बाहेरच्या पोलिसाला वुजू म्हणजे काय तेच माहीत नसतं. त्याने विचारलं तरी असतं. आम्ही जन्मभर बघत आलो. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात, तो वुजू. इतकं आम्हाला माहीत. अजान नाही, नमाज नाही, मग भांडणानंतर हात कोपरापर्यंत कशाला धुवायचे? रक्त असणार. दुसरं काय!

मिस्त्रीला घरून उचलला. त्याची बायको दारातच म्हणाली, "आल्यापासून जेवले नाहीत, नुसते पडून आहेत, भिंतीकडे तोंड करून." आम्ही एकमेकांकडे बघितलं. घाबरून पडलाय. कपड्यांवर रक्त सापडलं नाही. धुतल्यावर कसं सापडणार?

ठाण्यात वातावरण गरम होतं. जखमी हिंदू, आरोपी मुसलमान, म्हणजे टीआय साहेबांचा, आमच्या ठाणेदारांचा, फोन थांबत नाही. बाहेर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. साहेबांचा हुकूम सरळ होता. कबुली घ्या, उद्या कोर्टात हजर करा, शहर शांत ठेवा. तीनशे सात, खुनाचा प्रयत्न, लागली होती. टायरवाला गेला तर तीनशे दोन. एकदा माणूस जेलमध्ये गेला की दुकानाचं शटर किती वर्षं बंद राहील, हे कुणी सांगू शकत नाही. मिस्त्रीचं हे सगळं त्या एका रात्रीवर आलं होतं, आणि तो तोंड उघडेना.

चौकशी करणारे उपनिरीक्षक साहेब तरुण, नवीन, हुशार. मी बाजूला उभा. त्यांनी मिस्त्रीला स्टुलावर बसवलं.

"मारलं कशानं?"

मिस्त्री म्हणाला, "मारलं नाही."

"हात कशाला धुतले?"

गप्प.

"अबे, हात कशाला धुतले विचारतोय."

गप्प. मान खाली, दात आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या. माझ्या नोकरीत मी शेकडो गप्प माणसं बघितली. चोर गप्प बसतो तेव्हा डोळे फिरवतो, दार कुठं आहे, कोण येतंय ते बघतो. हा जमिनीकडे बघत होता. मला ते जरा वेगळं वाटलं, पण तेवढंच. विचार करायला वेळ कुणाला होता?

मग उपनिरीक्षक साहेबांनी त्याच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला. ते शब्द मी लिहीत नाही. मिस्त्री उठला. मला वाटलं, आता हा हात टाकतो. मी पुढं झालो. पण तो खाली फरशीवर बसला.

साहेब म्हणाले, "वर बस!"

तो बसून राहिला. साहेबांनी आणखी एक शिवी दिली. तर तो सरळ फरशीवर आडवा झाला. उताणा. हात पोटावर.

असं कधी बघितलं नव्हतं. आरोपी रडतात, पाया पडतात, फिट आल्याचं नाटक करतात. याच्या तोंडाला फेस नाही, हातपाय झाडणं नाही, काही नाही. डोळे उघडे ठेवून छताच्या पंख्याकडे बघत पडलेला.

"नाटक करतोय साला!" साहेबांनी हात उगारला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरकडून याचा मुलाहिजा करून घ्या आधी. मेला-बिला तर आपल्या गळ्यात."

मी खाली वाकलो. "काय होतंय तुला? छातीत दुखतंय?"

तो म्हणाला, "पानी मिलेगा, साहब?"

मी ग्लास दिला. तो प्यायला नाही. उठून बसला, ओंजळीत थोडं थोडं घेऊन हात धुतले, चूळ भरली, नाकाला लावलं, तोंडावरून फिरवलं, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. एका ग्लासात सगळं. फरशी ओली झाली म्हणून ठाण्याची लिखापढी करणारा मुन्शी ओरडला.

चहावाल्याने सांगितलेलं जसंच्या तसं, आणि आता तर माझ्या डोळ्यांसमोर. पण इथं कुठलं रक्त होतं?

साहेब फोनवर बाहेर गेले होते. मी म्हटलं, "मियां, आत्ता कुठली नमाज?"

 तो हळू बोलला. बोलला हिंदीत, मी मराठीत सांगतो. "नमाज नाही साहेब. राग. अब्बा शिकवून गेले. राग शैतानाकडून येतो, शैतान आगीचा बनलेला, आणि आग पाण्यानं विझते. राग आला तर वुजू करायचा. उभा असशील तर बस. बसूनही जात नसेल तर आडवा हो. आणि तोंड बंद ठेव. हुजूरांनी, पैगंबरांनी सांगितलंय, असं अब्बा म्हणायचे."

"मग हे तू साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तोंड बंद ठेवायचं म्हणून."

"अरे, पण कधी उघडणार होतास?"

"ग़ुस्सा उतर जाए तब। यहाँ उतरने कौन दे रहा है, साहब?"

मला हसू आलं, आणि हसताही येईना. मनात विचार आला की हा एक तर फार भोळा आहे किंवा फार पक्का. मारून झाल्यावर पश्चात्ताप झाला आणि वुजू केला, असंही असू शकतं. धर्माचं नाव घेणारे खुनी मी दोन्ही धर्मांचे बघितले आहेत. काही ठरवता येईना.

जेवायला घरी गेलो. आमची ही गरम पोळ्या करून वाढत होती. हिचं माहेर वर्ध्याकडचं, बोलणं शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी घरी केसचं बोलत नसे, पण त्या दिवशी बोललो. माणूस फरशीवर आडवा झाला, हे सांगितल्यावर ती पोळी लाटता लाटता थांबली.

"बरा आहे बाप्पा. तुमच्यासारखा ताट तर नाही फेकत."

"मी मस्करी नाही करत. मारल्यावर हात धुतले की कसे, ते कळत नाही."

"त्यात काय कळाचं आहे? मारल्यावर राग राहते काय?"

"म्हणजे?"

"तुमचा राग ताट फेकलं की उतरते. मग तुम्ही गुमान बसता, मी भिंत पुसते. तुम्हाले पाणी मारा लागते ते फेकायच्या आधी, मंग नाही. त्यानं रागासाठी धुतले असतील, तर राग होता तेव्हाच धुतले. आणि त्यावेळी तो दुसरा कुठं होता, उभा का पडलेला, ते इचारलं काय तुम्ही?"

आम्ही विचारलं नव्हतं. एवढे पोलीस, एवढी कलमं, आणि हेच विचारलं नव्हतं.

सकाळी ड्यूटी लागायच्या आधी चहावाल्याकडे गेलो. तो नुकताच स्टोव्ह पेटवत होता.

"मिस्त्री हात धूत होता तेव्हा टायरवाला कुठं होता?"

"तिथंच साहब. त्याच्या डोक्यावर उभा राहून शिव्या देत होता. 'डर गया, डर गया' म्हणत होता. पानी से खेल रहा है, म्हणाला."

"म्हणजे उभा होता? धडधाकट?"

"एकदम. मिस्त्री नळाशी खालीच बसून राहिला, थोड्या वेळानं उठून निघून गेला. हा मागून ओरडत राहिला. मग मी दूध आणायला गेलो. आलो तर हा पडलेला."

"मग काल हे का नाही सांगितलंस?"

चहावाला माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच वेडा. "तुम्ही विचारलं, मिस्त्रीनं काय केलं. मी मिस्त्रीचं सांगितलं. टायरवाल्याचं कुणी विचारलं?"



तिथून दुकानासमोर येऊन उभा राहिलो. वर बघितलं. पत्र्याचा बोर्ड एका बाजूनं लोंबत होता. काल मी तो बघितला होता, पण पत्र्याचे बोर्ड लोंबतातच. ड्रम मागवून त्याच जागी उभा केला, शिपायाला वर चढवलं. तो म्हणाला, "साहेब, कडेला काहीतरी वाळलेलं आहे. लाल-काळं." आणि एक खिळा उचकटलेला. टॉमीनं उचकटल्यासारखा.

मग चप्पल आठवली. पंचनाम्यात मीच लिहिलं होतं, चप्पल एक जोड. पण ती ड्रमच्या बाजूला होती, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवावी तशी. मार खाणाऱ्या माणसाची चप्पल एक इकडे, एक तिकडे असते. कुठंतरी चढायचं असेल, तर माणूस ती अशी काढून ठेवतो.

हॉस्पिटलात गेलो. टायरवाला बेशुद्धच होता. उजव्या हाताला पट्टी. डॉक्टर म्हणाले, तळव्यावर आडवी चीर आहे. आम्ही ती वार अडवताना झाली असं धरलं होतं. पत्र्याची कड हातातून सरकली की अगदी तशीच चीर पडते. ज्याच्या घरात पत्र्याचा कूलर असेल त्याला विचारा.

आता सगळं जुळलं. समोरचा माणूस भांडायलाच तयार नाही, पाण्यानं खेळतो आणि निघून जातो, म्हणून याचा राग आणखी भडकला. राग काढायला माणूस उरला नाही, तर तो बोर्डावर गेला. ड्रमवर चढला, पत्रा ओढला, हात चिरला, ड्रम कलंडला आणि डोकं स्वतःच्याच लोखंडी स्टँडवर.

दुपारी कोर्टात न्यायच्या आधी मी कागद घेऊन टीआय साहेबांसमोर उभा राहिलो. उपनिरीक्षक साहेब म्हणाले, "दादा, तुम्ही त्याची बाजू घेताय." मी म्हटलं, "मी चपलेची बाजू घेतोय." टीआय साहेब जुने होते. त्यांनी स्वतः जागा बघितली, चहावाल्याचं बयान पुन्हा घ्यायला लावलं. संध्याकाळी मिस्त्री सुटला.

टायरवाला पुढे शुद्धीवर आला. मीच बयान घ्यायला गेलो होतो. त्याला काय झालं, कसं झालं, काही आठवत नव्हतं. पण डोळे नीट उघडल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "वो बोर्ड गिरा कि नहीं?"

त्याहून चांगलं बयान मी नोकरीत घेतलं नाही.

मिस्त्रीला सोडताना मी म्हटलं होतं, "चला, झालं. आता राग उतरला असेल."

तो म्हणाला, "नहीं साहब। बहुत है।" आणि नळावर गेला. ठाण्याच्या आवारात नळ होता. आम्ही सगळे बघत उभे. मग पाय पुसून, सलाम करून गेला. त्याचे अब्बा म्हणे आखाड्यात जायचे. ते त्याला सांगायचे, जो दुसऱ्याला पाडतो तो पहलवान नाही, रागात जो स्वतःला धरून ठेवतो तो पहलवान, असं हुजूरांनी म्हटलंय. मला हे त्यानं नंतर कधीतरी सांगितलं, आमच्या हिच्या स्कूटीची सर्व्हिसिंग करताना. कारण त्यानंतर आमची स्कूटी त्याच्याकडेच जायची. ही म्हणायची, एवढा गुमान माणूस पैसे फसवणार नाही.

हिला त्या केसचा भारी नाद लागला. माझा आवाज चढला की लगेच, "बसा." बसलो तरी चालूच असेल तर, "आता आडवे व्हा." नातवंडांसमोरसुद्धा. मी चिडायचो, मग ते सगळे हसायचे, मग मीही. ताटं मात्र त्यानंतर भिंतीला लागली नाहीत.

गेल्या थंडीत ती गेली. ताप म्हणून नेलं आणि घरी आणलं ते तसं. मी आता शाहपुऱ्यात मुलाकडे असतो. चांगलं करतात सगळे. पण मला राग येतो. चहा गार असला तरी येतो, गरम असला तरी येतो. डॉक्टरवर येतो, देवावर येतो, तिच्यावर येतो. मला न विचारता गेली म्हणून. कुणावर आहे तेच कळत नाही. गुन्हा आहे आणि आरोपी नाही, अशी फाइल आम्ही बंद करून टाकायचो. ही बंद कशी करायची?

मुलगा म्हणाला, "बाबा, आईची स्कूटी विकून टाकू." मी म्हटलं, आधी चालू तर करू. ढकलत टेम्पोत घातली आणि पिपलानीला मिस्त्रीकडे नेली. त्याला बातमी माहीत होती. त्यानं हात जोडले. स्टार्टर दाबला, किक मारली. काही नाही.

"बहुत दिन खड़ी रही, साहब।"

आणि माझं डोकं फिरलं. "उभी होती म्हणून काय झालं? तूच सर्व्हिसिंग करायचास ना? चांगली चालत होती! एकदम बंद कशी पडते? कुणी बघितलं कसं नाही?" मी मराठीत ओरडत होतो, त्याला किती कळलं देव जाणे. स्कूटीला लाथ मारली. माणसं थांबून बघायला लागली.

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. स्टूल ओढलं. "बैठ जाइए, साहब।"

मी बसलो. ओरडणं थांबेना.

त्यानं दुकानाच्या दाराशी जमिनीवर पोतं अंथरलं, वर स्वच्छ फडकं घातलं. माझ्या खांद्याला हात लावला. मी, एक स्टारवाला, आयुष्यभर लोकांना खाली बसवणारा, त्या ऑइलच्या वासात आडवा झालो. वर तोच बोर्ड दिसत होता. आता जरा उंचावर ठोकलेला, बाजूचा बोर्डही दिसेल असा.

टायरवाला बाजूच्या दुकानातून आला. त्याच्या हातात नळावरून भरलेला लोटा होता. "भाई, क्या हुआ साहब को?"

"कुछ मत पूछ," मिस्त्री म्हणाला. "अभी ग़ुस्सा है।"

मी उताणा पडून होतो. बऱ्याच वेळानं राग ओसरला. आणि ज्याच्याऐवजी मी वर्षभर राग धरून ठेवला होता, ते रडणं तिथं, त्या पोत्यावर आलं. दोघंही दुसरीकडे तोंड करून आपापलं काम करत राहिले.

या केसनं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की गप्प बसलेल्या माणसाला लगेच गुन्हेगार समजू नका, आणि ओरडणाऱ्यालाही लगेच रागीट समजू नका. पुढचं मला कळलेलं नाही. स्कूटी चालू झाली. विकलेली नाही.